ज्ञात-अज्ञात हातांचे आभार

रविवारी सकाळी दहाच्या आसपास आमच्या शहरात आभारप्रदर्शन सुरू होते. खाम नदीच्या काठावरून, गोगाबाबा टेकडीवरून, सलीम अली सरोवराच्या बाजूने, घाटी रुग्णालयाच्या आवारातून फोटो निघतात आणि दुपारच्या जेवणाआधी फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर आणि असंख्य व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पोहोचतात. मजकूर ठरलेला. आधी प्रमुख पाहुणे, मग माजी नगरसेवक, मग ज्यांच्या मौलिक सहकार्याशिवाय हे झालेच नसते ते उद्योजक, मग संस्थेचे अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, ज्यांनी पोहे दिले ते, ज्यांनी बॅनर छापून दिला ते. सगळ्यात शेवटी, जोडलेल्या हातांच्या दोन-तीन चिन्हांच्या अलीकडे, एक ओळ: ‘आणि सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे मनःपूर्वक आभार.’

हे अज्ञात हात कोणाचे, असे एकदा विचारून पाहा. पाहुणे येण्याच्या दोन तास आधी जी बाई गाळात उतरून प्लास्टिक काढत होती, तिचे नाव मुकादमाच्या हजेरीवर आहे. ज्याने माती वाहिली त्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर संयोजकाच्या फोनमध्ये आहे. भाडे थकले की तोच फोन करतो. शिबिराला वस्तीतल्या बायका ज्या आशाताईच्या शब्दावर आल्या, तिचे नाव, आधार क्रमांक, बँक खाते सगळे आरोग्य केंद्राच्या दप्तरात आहे. यातले अज्ञात कोणीही नाही. त्यांना अज्ञात ठेवण्यात आले आहे, आणि ते ठेवणारे आपण आहोत.

आता तीच पोस्ट थोडी खाली सरकवा. ज्या म्हातारीला ब्लँकेट दिले तिचा चेहरा अगदी स्पष्ट आहे. ज्या पोराला वह्या दिल्या त्याच्या शर्टावरचे शाळेचे नाव वाचता येते. त्या दोघांनी तोंड लपवावे असे काहीही केलेले नाही. पण आपली अडचण गावाला दाखवायला ते आले नव्हते. ज्याचे नाव आदराने यायला हवे त्याला आपण अज्ञात करतो आणि ज्याची ओळख झाकायला हवी त्याला जगजाहीर करतो. या शहरातल्या सुशिक्षित, सेवाभावी, देवभोळ्या आणि स्वतःवर खूश असलेल्या समाजावर माझा आरोप आहे तो एवढाच. पण तो लहान नाही.

नाव लिहिणे हे पाप आहे असे मला म्हणायचे नाही. आपल्याच जिल्ह्यात त्याचे फार जुने पुरावे आहेत. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याने आपल्या दानाचा शिलालेख कोरवून घेतला, सव्विसाव्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या एका खांबावर, तो पैठणच्या एका गंधिक, म्हणजे अत्तरवाल्यांच्या, कुळातल्या मितदेवाने दिला, अशी नोंद दोन हजार वर्षांपासून आहे. देणाऱ्याने नाव लावायची हौस काही मोबाइलने आणलेली नाही. ज्यांनी छिन्नी चालवली त्यांची नावे मात्र शोधावी लागतात. एक अपवाद त्याच पितळखोऱ्यात सापडला. आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या एका बुटक्या यक्षाच्या हातावर कोरले आहे, की तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडवला. तो ना मंत्री, ना महंत. ज्याने काम केले त्याचे नाव, त्याच्या धंद्यासकट, त्याच्या कामावर. श्रेय देण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही.

दुसरी परंपराही अजिंठ्याचीच आहे. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला आणि आपले नाव व तारीख तिथे खरवडून गेला. लेणे त्याने खोदले नव्हते, रंगवले नव्हते. तो तिथे पोहोचला होता, एवढेच. आमच्या रविवारच्या पाहुण्यांचे योगदान बहुतेक वेळा तेवढेच असते.

हा नुसत्या हौसेचा मामला असता तर दोन शब्दांत थट्टा करून सोडून देता आला असता. पण फोटो आता पावती झाला आहे, आणि पावतीशिवाय सेवा झाली असे कोणी मानत नाही. राष्ट्रीय सेवा योजना गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, अशी तिची रचना. आणि घोषवाक्य ‘मी नव्हे, तुम्ही’ या अर्थाचे. खेड्यापाड्यातून आलेल्या मराठवाड्याच्या कितीतरी पोरांना समाज म्हणजे काय हे याच योजनेने दाखवले. आज महाविद्यालयांच्या ‘नॅक’ मूल्यांकनासाठी अशा उपक्रमांचे जिओटॅग केलेले फोटो लागतात. त्यामुळे कार्यक्रम अधिकारी बिचारा खड्डा किती खोल गेला हे पाहण्याआधी अक्षांश-रेखांश फोटोत आले का ते पाहतो. कंपन्यांचे तेच. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायला लावले. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या वसाहती असलेल्या शहरात हा पैसा थोडाथोडका नाही, आणि त्यातून चांगली कामे झालीही आहेत. पण अहवालाला फोटो लागतो, फोटोला माणसे लागतात, माणसांना कंपनीचे नाव छापलेले टी-शर्ट लागतात. आणि एकदा टी-शर्ट आले की काम त्यांच्या बेताने ठरते. झाड जुलैत लावायचे की मेमध्ये, हे पाऊस ठरवत नाही. ५ जूनला जागतिक पर्यावरण दिन असतो.

१ ऑक्टोबर २०२३ ला ‘एक तारीख, एक तास’ असे देशव्यापी श्रमदान झाले. सकाळी दहाला खराटे उचलायचे आणि फोटो पोर्टलवर चढवायचे. साहेबांनी, प्राध्यापकांनी, डॉक्टरांनी खराटा धरला, चांगले झाले. २ ऑक्टोबरच्या सकाळी तो खराटा कोणाच्या हातात होता? ३० सप्टेंबरला ज्यांच्या हातात होता त्यांच्याच. त्यांचा फोटो मात्र पोर्टलवर गेला नाही, कारण ते श्रमदान करत नव्हते. ते नुसते श्रम करत होते.

कचऱ्याच्या बाबतीत तरी आमच्या शहराने शहाणे व्हायला हवे होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीसेक वर्षे आमची घाण त्यांच्या दारात पडत होती. एक दिवस ते नाही म्हणाले. शहर तुंबले. गुलमंडीपासून सिडकोपर्यंत ढीग लागले, मार्चमध्ये कचरा टाकण्यावरून मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला, पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावे लागले, महापालिका आयुक्तांची बदली झाली. ओला कचरा कोणता आणि सुका कोणता हे तेव्हा पदवीधर कुटुंबांना शिकवावे लागले. जे ज्ञान शहराला अचानक हवे झाले, ते या शहरात आधीपासून होते. खांद्यावर पोते टाकून पहाटे फिरणाऱ्या बायकांना पुठ्ठा, दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, पत्रा आणि काच यांचा भाव आणि ठिकाण तोंडपाठ होते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या जातीने आणि गरिबीने त्यांना ते शिकवले होते. नंतरच्या स्वच्छतेच्या मोहिमांत ‘स्वच्छतादूत’ झाले ते दुसरेच. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आजवर या बायकांपैकी एकीचे तरी नाव आले आहे का? नाव सोडा, घंटागाडीवरच्या माणसाला तुम्ही कशी हाक मारता? ‘ए कचरावाला.’ आणि तो आला नाही तर महापालिकेला टॅग करून तक्रार करता तेव्हा मात्र गाडीचा नंबर अचूक लिहिता.

गाडगेबाबांचे नाव आता या सगळ्या समारंभांत भिंतीवर असते. फोटोला हार, उदबत्ती, मग उद्‌घाटन. हा माणूस गावात शिरला की आधी रस्ता झाडायचा, संध्याकाळी कीर्तनात लोकांची खरडपट्टी काढायचा आणि पाया पडायला येणाऱ्याला काठी दाखवायचा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. स्वतःच्या आणि नातलगांच्या नावे काही ठेवले नाही. अशा माणसाच्या तसबिरीखाली उभे राहून एकमेकांना शाल घालणारे आपण काय लायकीचे आहोत, हे त्यांनीच कीर्तनात सांगितले असते, आणि फार सभ्य शब्दांत नव्हे.

आता टाळेबंदीचे दिवस आठवा. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या. मग एप्रिलभर किटवाटप. पीठ, डाळ, तेलाची पिशवी, मिठाचा पुडा, आणि त्या एका पिशवीला लागलेले आठ-दहा हात. राजस्थानात अजमेरच्या जिल्हाधिकाऱ्यांना अन्नवाटप करताना फोटो आणि सेल्फी काढायला बंदी करावी लागली, इतके ते हाताबाहेर गेले होते. आमच्याकडेही फोनची मेमरी भरली. आणि त्याच दिवसांत, ७ मेच्या संध्याकाळी, जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे वीस मजूर रुळांच्या कडेने भुसावळकडे चालत निघाले. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली ती माणसे. थकून रुळांवरच झोपली. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ त्यांतल्या सोळा जणांवरून मालगाडी गेली. त्यांच्याजवळच्या पोळ्या रुळांवर विखुरल्या, आणि त्या पोळ्यांचाही फोटो निघाला, देशभर फिरला.

म्हणजे शिदोरी त्यांच्याजवळ होती. त्यांना हवी होती घरी जाणारी गाडी, मालकाकडून शब्द, सरकारकडून उत्तर. आपल्या वाटपाच्या छायाचित्रात अशा मागणीला जागाच नसते. तिथे गरीब माणूस फक्त भुकेला असतो, हात पुढे केलेला, आणि पोते मिळाल्यावर कृतज्ञ. पोत्याचा फोटो निघतो, हक्काचा निघत नाही. त्या सोळा जणांसाठी आपण हळहळलो, मेणबत्तीचे चित्र डीपीला लावले आणि दुसऱ्या दिवशी किटवाटपाचे आभार पुन्हा सुरू केले. जालन्याच्या आणि वाळूजच्या कारखान्यांत परप्रांतीय मजूर कोणत्या नोंदीवर, कोणत्या ठेकेदाराकडे आणि किती पगारावर आहे, हे विचारणारी पोस्ट माझ्या पाहण्यात तरी आली नाही.

आभार हे देण्याच्या ऐवजी कसे वापरले जातात, याचे सगळ्यात उघडे उदाहरण आशांचे आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ही बाई आली, आणि सरकारने तिला कर्मचारी म्हटले नाही, स्वयंसेविका म्हटले. एकदा स्वयंसेविका म्हटले की पगार नाही, मोबदला. निवृत्तिवेतन नाही, सन्मानपत्र. बाळंतपणाला बाई दवाखान्यात नेली तर इतके, लसीकरण पूर्ण झाले तर इतके, असा कामागणिक दर. महाराष्ट्रात अशा सुमारे ७० हजार बायका आहेत. कोरोनात त्यांनीच दारोदार जाऊन ताप मोजला, ऑक्सिजन मोजला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली तेव्हा आपल्या कुटुंबाची जबाबदारी घ्यायला आपल्या दारात उभी राहिली ती आशाच. या कामासाठी केंद्राकडून तिला मिळणारा भत्ता महिन्याला एक हजार रुपये होता. रोजचे तीस-पस्तीस रुपये. एवढ्यात शहरात एका माणसाचा धड नाश्ता होत नाही.

त्या वर्षभरात ‘कोविड योद्धा’ नावाची सन्मानपत्रे इतकी निघाली की ज्याच्याकडे नाही असा कार्यकर्ता सापडणे कठीण. फोनवरच साचा, फोनवरच नाव घालायचे, फोनवरच पाठवायचे; देणाऱ्याला खर्च शून्य. आशांनाही ती मिळाली. मग १५ जून २०२१ ला या योद्ध्या संपावर गेल्या, आणि समाजाची भाषा एका दिवसात बदलली. ‘अशा संकटात संप शोभतो का?’ ‘सेवेचे पैसे मागतात?’ ज्यांनी वर्षभर त्यांचे फोटो स्टेटसला ठेवले होते त्यांतलेच हे लोक. व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटस चोवीस तासांनी आपोआप पुसले जाते. आमच्या कृतज्ञतेची मुदत त्या कंपनीने बरोबर ओळखली आहे. आठवडाभराच्या संपानंतर महिन्याला हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपयांचा कोविड भत्ता पदरात पडला.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. पुन्हा अभिनंदनाचा पूर आला. पंतप्रधानांपासून गल्लीतल्या शाखाप्रमुखापर्यंत सगळ्यांनी लिहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशा पुन्हा संपावर होत्या. दिवाळीच्या तोंडावर वाढीची घोषणा झाली, अभिनंदनाच्या पोस्ट फिरल्या, पण शासन निर्णय निघेना. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप, मग मुंबईच्या आझाद मैदानावर थंडीत आणि उन्हात ठिय्या. पाच हजारांच्या वाढीचा निर्णय व्हायला मार्च उजाडला. घोषणेचे आभार आधी मानून झाले होते. पैसे मागाहून, आणि भांडून. ज्या समाजाला आशांचे खरोखर आभार मानायचे होते तो त्या दिवसांत आझाद मैदानावर दिसायला हवा होता. निदान आपापल्या आमदाराला टॅग करून ‘जीआर कुठे आहे?’ एवढे तीन शब्द लिहायला त्याला काही हरकत नव्हती. तेवढ्यापुरते बोट चालले नाही.

देणाऱ्याच्या कौतुकापायी घेणाऱ्याचे काय होते, ते क्षयरोग्यांच्या बाबतीत पाहा. ९ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रपतींच्या हस्ते ‘नि-क्षय मित्र’ उपक्रम सुरू झाला. कोणीही व्यक्ती, संस्था किंवा कंपनी क्षयरुग्णांच्या आहाराची जबाबदारी घेऊ शकते. रुग्णाची संमती लागते. दर महिन्याला शिधा द्यायचा. योजना चांगली आहे. क्षयात औषधाइतकेच अन्न लागते हे जुने डॉक्टरही सांगत. पण शिध्याची टोपली देताना रुग्णांना रांगेत उभे करून फोटो काढायचे, मागे ‘क्षयरुग्णांना पोषण आहार वाटप’ असा फलक, आणि तो फोटो देणगीदाराचे आभार मानण्यासाठी फेसबुकवर, ही अक्कल कोणाची? त्या रांगेत लग्न ठरायची असलेली मुलगी असते. घरमालकाला कळले तर खोली जाईल असा भाडेकरू असतो. हॉटेलात वेटरचे काम करणारा पोऱ्या असतो. मास्क लावलेला असतो म्हणे. आपल्या गल्लीतला माणूस मास्कमागून ओळखू येत नाही, असे मानणाऱ्याने गल्लीच पाहिलेली नाही. शिधा घ्यायला दिलेली संमती ही फोटोला दिलेली संमती नव्हे. आणि टोपली समोर ठेवून मागितलेल्या संमतीला संमती म्हणणे हा निव्वळ कावा आहे.

मुलांचे याहून वाईट. घरातल्या लाडक्याचा वाढदिवस बालगृहात साजरा करायची एक नवी रीत पडली आहे. केक आपल्या मुलाने कापायचा, टाळ्या तिथल्या मुलांनी वाजवायच्या, फोटोत सगळ्यांचे चेहरे, आणि खाली बालगृहाच्या संचालकांचे आणि स्वयंसेवकांचे आभार. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांत उघड होऊ नये म्हणून २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ७४ वे कलम आहे. मोडले तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेवा. ते मूल वीस वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीला जाईल, लग्न करील, आणि तेव्हाही तुमची ती पोस्ट कुठेतरी शिल्लक असेल. तुमच्या मुलाचा सहावा वाढदिवस हा त्याच्या अनाथपणाचा कायमचा दाखला होऊन बसेल. त्याने तुमच्याकडून केकचा एक तुकडा घेतला होता. त्याची ही किंमत?

पूरग्रस्तांच्या पिशव्यांवरचे चेहरे आता नवे राहिले नाहीत. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरात मदतीच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचे आणि आमदारांचे स्टिकर लागले, सांगलीच्या पाण्यात नावेतून मंत्र्यांचा सेल्फी व्हिडिओ झाला, गदारोळ झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडाच बुडाला. धाराशिवात पोहोचलेल्या पिशव्यांवर पुन्हा नेत्यांचे फोटो. नेत्यांना शिव्या देणे सोपे आहे. पण त्यांनी हे कोणाकडून उचलले? आपल्या मंडळाने उन्हाळ्यात लावलेल्या पाणपोईवर माठ एक असतो आणि फोटो पंधरा. मे संपत आला की माठ कोरडा पडतो. फलक गणपतीपर्यंत टिकतो.

आणखी एक गोष्ट या शहरात बोलायलाच हवी, कारण ती बोलायला लोक कचरतात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी मुस्लिम तरुणांनी हिंदूंच्या मृतदेहांवर अंत्यसंस्कार केले. घरचे लोक जवळ यायला धजत नव्हते तेव्हा. त्यांचे आभार मानणाऱ्या पोस्ट खूप फिरल्या आणि बहुतेकांचा सूर एकच: मुसलमान असूनही! त्या ‘असूनही’त आभार कमी आणि आश्चर्य जास्त. हिंदू स्वयंसेवकाने केले तर ती सेवा, मुसलमानाने केले तर ते राष्ट्रीय एकात्मतेचे प्रदर्शन. त्याने घाम गाळायचा आणि वर आपल्या माणूसपणाचा पुरावाही द्यायचा. ज्यांनी २०२१ मध्ये त्या पोस्ट पाठवल्या त्यांतल्या अनेकांनी मार्च २०२३ मध्ये किराडपुऱ्यात दंगल झाली तेव्हा काय काय पुढे पाठवले, हे ज्याचे त्याने आपल्या फोनमध्ये तपासावे. एखाद्या जमातीचे आभार मानायचे आणि वेळ आली की त्याच जमातीवर सरसकट ठपका ठेवायचा, या दोन्हींमागे वृत्ती एकच आहे: समोर माणूस न पाहता जमात पाहण्याची.

बाईला तर नाव देणेही कधी कधी अंगावर येते. त्याच दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन, प्लाझ्मा, खाटा शोधून देणाऱ्या तरुण मुलींचे नंबर कौतुकाने सगळीकडे फिरवले गेले, आणि देशभरातल्या अशा मुलींना रात्री-अपरात्री घाणेरडे फोन आणि फोटो आले. ‘या ताईंना सलाम, त्यांचा नंबर खाली’ असे लिहिणाऱ्याने ताईला एकदा विचारले होते का? स्वयंसेवकाला विचारून मग आभार मानावेत, ही साधी रीत आपल्याला सुचत नाही, कारण आभार मानणे हे आपल्याला आपले औदार्य वाटते. कोणी म्हणेल, माझे नाव नको. कोणाच्या घरी तो त्या वस्तीत जातो हे चालत नाही. आणि फुलंब्री-सिल्लोडकडून शिकायला आलेला एखादा पोरगा म्हणेल, नाव जरूर टाका, वडिलांना दाखवायचे आहे. त्याचे नाव टाका, ठळक टाका. आणि त्याने काय केले तेही लिहा. रात्री अकरा ते पहाटे पाच घाटीत रुग्णांच्या नातेवाइकांना वॉर्ड शोधून दिला, असे लिहा. नुसते ‘मोलाचे सहकार्य’ लिहिले की त्याचे काम आणि पाहुण्यांचे हजेरी लावणे एकाच पंगतीत बसते.

यावर एक उत्तर हमखास येते, आणि ते देणारी माणसे प्रामाणिक असतात म्हणून ते ऐकून घेतले पाहिजे. फोटो नसेल तर देणगी येत नाही, नवे स्वयंसेवक येत नाहीत, संस्था बंद पडेल. खरे आहे का हे? डिसेंबर २०१५ मध्ये याच शहरात, बायजीपुऱ्याच्या भागात, युसूफ मुकाती यांनी ‘रोटी बँक’ सुरू केली. घरून दोन पोळ्या आणि भाजी आणून द्यायची. ज्याला लागेल त्याने येऊन न्यायची. मागायला लाज वाटते अशा माणसाचा विचार करून बेतलेली ती रचना होती. तिची माहिती देशभर गेली, लोकांनी आपापल्या गावी तशी केंद्रे काढायचे मनावर घेतले. त्यासाठी पोळी नेणाऱ्याचा चेहरा दाखवायची गरज नव्हती. कल्पना सांगण्यासारखी असली की ती सांगता येते. ज्या उपक्रमात फोटोशिवाय दाखवण्यासारखे काहीच नाही, तो बंद पडला तर कोणाचे नुकसान होणार आहे?

देणगीदाराला पुरावा हवा असतो, हे मान्य. मग पुरावा द्या. खाम नदीच्या काठी त्या रविवारी किती मजूर लावले, त्यांना रोज किती दिला, हातमोजे आणि गमबूट घेतले का, की त्या बायका उघड्या पायांनी गाळात उतरल्या; कोणाच्या पायात काच गेली तर धनुर्वाताचे इंजेक्शन कोणी दिले, हे लिहा. झाडे लावली असतील तर मागच्या वर्षी लावलेली किती जगली तो आकडा आधी टाका. आशाताईला ८ मार्चला सत्काराला बोलावले असेल तर त्या दिवशी बुडालेल्या तिच्या कामाचे आणि रिक्षाचे पैसे दिले की नाही तेही येऊ द्या. तिला कामागणिक मोबदला मिळतो; तुमच्या मंचावर प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत ती दोन तास बसते ते तिच्याच खिशातून. ठेकेदाराच्या माणसांची मजुरी किती महिने थकली आहे, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो की नुसता कापला जातो, हे महापालिकेला टॅग करून विचारा. कचऱ्याची गाडी आली नाही तेव्हा विचारता त्याच आवाजात. हे सगळे त्या आभाराच्या पोस्टमध्ये सहज बसते, पोहे देणाऱ्यांच्या नावांना लागते तेवढ्याच जागेत. आणि लिहिण्यासारखे यातले काहीच केलेले नसेल, तर त्या रविवारी फोटोही टाकू नका.